शालनताईंचा तास

शालनताई गेल्याचा निरोप त्यांच्या मुलीनं, मनीषानं, फोनवर दिला. सकाळचे सात वाजले होते, मी चहा गाळत होतो. "सर, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि थांबली. अशा वेळी माणूस काहीतरी बोलतो. अरेरे म्हणतो, कधी, कसं असं विचारतो. माझ्या मनात आला तो एकच विचार, आणि तो आल्याची मला आजही लाज वाटते. सांगायचं राहिलं... आता राहिलंच.

चारच दिवस आधी मी त्यांना हडपसरच्या दवाखान्यात भेटून आलो होतो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. रिक्षात बसून वाक्यंसुद्धा जुळवली होती. आणि तिथे खुर्ची ओढून बसल्यावर मी त्यांना काय सांगितलं, तर हल्ली रस्त्याला गर्दी किती वाढली आहे. त्या उशीला टेकून ऐकत होत्या. हाताला सलाईन लावलेलं होतं. "आणखी काय, सर?" त्यांनी विचारलं. "काही नाही, तुम्ही लवकर बऱ्या व्हा," असं म्हणून मी अर्ध्या तासात उठलो. शालनताई कामठे यांनी दोन वर्षांपूर्वी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि ती माझी होती हे मी कॉलेजात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ते त्यांच्या हयातीत, चारचौघांसमोर सांगायचं होतं. त्या गेल्याला आता पाच आठवडे होऊन गेले. मृत माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहिणं सोपं असतं. मला आधी माझ्याबद्दल वाईट लिहायचं आहे, चांगले शब्द त्यात आपोआप येतील.

मी एका विधी महाविद्यालयात करार कायदा शिकवतो. शालनताईंची ओळख झाली ती खोक्यांमुळे. आमच्याकडे एक परिसंवाद होता, पाहुण्यांच्या अल्पोपाहारासाठी पुठ्ठ्याची खोकी हवी होती, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी किती हवीत ते विचारलं. हडपसरला कारखाना असलेल्या या बाईंनी विचारलं, "खोक्यात ठेवणार काय?" मी म्हणालो, वडा, चटणी आणि जिलबी. "मग जिलबीचा पाक चटणीत जाणार. मी आत आडवी पट्टी टाकून देते. आणि पाहुणे बसून खाणार का उभ्यानं?" उभ्यानं, मी म्हणालो. "मग झाकण मागं दुमडणारं करू." टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून त्या स्वतः माल घेऊन आल्या. सुती साडी, पायात बूट, कानाला पेन्सिल. मांजरी गावच्या शेतकरी घरातल्या, शिक्षण बारावी, नवरा लवकर गेलेला, आणि हाताखाली चाळीस माणसं. त्याच वर्षी विद्यापीठाकडून आमच्या अभ्यासक्रमात उद्योजकता आणि व्यवसायकौशल्ये हा नवा विषय आला होता. तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. मी शालनताईंचं नाव सुचवलं. "आता वकिलांना खोकी करायला शिकवणार का?" असं एका सहकाऱ्यानं विचारलं. "आपल्या व्याख्यानांपेक्षा भरलेली तरी असतील," असं मी म्हणालो. तेव्हा मला फार धीट असल्यासारखं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी दोन ते चार हा त्यांचा तास. सुरुवातीचे काही तास मी मागच्या बाकावर बसून ऐकले. त्यांनी फळ्याला हात लावला नाही. मुलांना दोघादोघांच्या जोड्या करून हडपसरच्या दुकानांत एकेक दिवस बसायला पाठवलं आणि बजावलं, ज्यानं काही घेतलं त्याचं मला सांगू नका, जो न घेता गेला त्याचं सांगा. चपलांच्या दुकानात बसलेल्या एका मुलानं लिहून आणलं, 'सदर इसम अकराच्या सुमारास दुकानात दाखल झाला.' वर्ग हसला, शालनताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दाखल झाला ते कळलं. पण त्याला चप्पल कशासाठी हवी व्हती? लग्नाला जायचं व्हतं का कामाला?" ते कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या एका जोडीनं रसवंतीवाल्यासाठी नऊ पानी करार तयार केला, त्यात वाद झाल्यास लवाद नेमण्याची तरतूद होती. माझ्या मते तो उत्तम करार होता. शालनताईंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "वाद झाला तर हा माणूस गाडा घेऊन पुढच्या चौकात जाईल. लवाद गाड्यामागं पळणार हाय का?" वर्ग सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, पोरं लई हुशार हायत तुमची. पण गिऱ्हाईक समोर आलं की त्याचा साक्षीदार करत्यात. उलटतपासणीच सुरू." मी हसलो. नंतर रात्री जेवताना लक्षात आलं की ही सवय त्यांना लावली कुणी, तर मी. तीस वर्षं मी मुलांना वादातली फट शोधायला शिकवत आलो होतो. माणसाला काय हवंय ते विचारायला शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी शालनताईंनी प्रत्येक गटाला एकेक छोटा व्यावसायिक नेमून दिला. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या ऋतुजाच्या गटाकडे नंदाबाई आल्या. त्या घरी शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी करून बरण्यांत भरून दुकानांतून विकत. मुलांनी त्यांना नाव सुचवलं, लेबल काढून दिलं, खप वाढला. मग एका किराणा दुकानदारानं हुबेहूब तसंच लेबल लावून स्वतःची चटणी शेजारच्या फळीवर मांडली. शालनताईंचं म्हणणं, त्याच्याकडे जाऊन बसा, चहा प्या, त्याला विचारा की तुम्हाला हे का करावंसं वाटलं. ऋतुजाला ते मिळमिळीत वाटलं. ती शुक्रवारी माझ्याकडे आली, हातात पत्राचा मसुदा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या दिवसांनी त्या विषयात कायदा दिसला होता. मी लाल पेन काढलं. 'विनंती' खोडून 'याद्वारे कळविण्यात येते' केलं. 'गैरसमज झाला असावा' हे वाक्य काढून टाकलं. फौजदारी कारवाईचा उल्लेख मीच घातला. तळाशी तिनं स्वतःच्या नावाखाली 'विधी सल्लागार' असं लिहिलं होतं, ते वाचलं आणि तसंच राहू दिलं; पोरीला हौस आहे, असू दे, असं वाटलं. "शालनताईंना दाखवू का?" तिनं विचारलं. "हा कायद्याचा भाग आहे. पाठव," मी म्हणालो.

त्याचे परिणाम आठ दिवसांत आले. दुकानदारानं नंदाबाईंच्या सगळ्या बरण्या उचलून बाहेर ठेवल्या आणि ओळखीच्या आणखी चार दुकानदारांनाही ठेवायला लावल्या. त्याच्या वकिलानं कॉलेजला पत्र लिहिलं, की तुमची विद्यार्थिनी सनद नसताना वकिली करते, हे आम्ही वकील परिषदेच्या कानावर घालू का? आमच्या पेशात हा साधा आरोप नाही. सनद मिळायच्या आधीच मुलीच्या नावावर डाग पडणार होता. तिचे वडील येरवड्याला एका कार्यालयात कारकून, घरातली कॉलेजात शिकणारी ती पहिली. प्राचार्यांनी स्वतःसह तीन जणांची समिती नेमली. त्या समितीत मी होतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पुढच्या महिन्यात विभागप्रमुखपदाचा निर्णय होणार होता आणि माझं नाव वर होतं. पूर्णवेळ प्राध्यापकानं खऱ्या माणसासाठी नोटीस लिहून द्यायची नसते, हे मला ऋतुजापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी स्वतःला समजावलं, आधी प्रकरण किती गंभीर आहे ते बघू. मग योग्य वेळी बोलू. योग्य वेळ हा शब्दप्रयोग कुणी काढला देव जाणे, माझ्यासारख्यांची त्यानं फार सोय झाली आहे.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक होती. टेबलाच्या या बाजूला आम्ही तिघं, समोर ऋतुजा उभी. तिला बसायलाही कुणी सांगितलं नाही, मीही नाही. प्राचार्यांनी पत्र पुढे सरकवलं. "हे पाठवण्याआधी कुणाला दाखवलं होतंस?" ती गप्प. "तुला पाठवायला कुणी सांगितलं?" ती गप्प. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढे बरेच दिवस म्हणत राहिलो. तिच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत होतं. "उत्तर नसेल तर सगळी जबाबदारी तुझी, असं आम्हाला लिहावं लागेल," प्राचार्य म्हणाले. बैठकीचं इतिवृत्त मीच लिहीत होतो. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून हे काम कायम माझ्याकडे येतं. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. तोंड उघडायचं, एवढंच करायचं होतं. मी पाण्याचा पेला उचलला... आणि दार उघडलं.

शालनताई आत आल्या. इतका वेळ त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना अजून आत बोलावलेलं नव्हतं. "हा विषय मी शिकवते, आणि मलाच कुणी विचारत नाय," त्या म्हणाल्या. "पोरीला मी सांगितलं पाठवायला."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "बाई, ही भाषा तुमची वाटत नाही."

"भाषा पोरीची. पाठव असं मी म्हणाले. तिची काय चूक? शिकवणाऱ्यानं सांगितलं ते तिनं केलं."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. पण मला कळलं, त्यांना सगळं माहीत होतं. ऋतुजानं त्याच सकाळी त्यांना लाल पेनानं सुधारलेला मसुदा दाखवला होता, हे मला नंतर समजलं. मी मान खाली घातली आणि त्याच अक्षरात लिहिलं, 'सदर पत्र आपल्या सूचनेवरून पाठविण्यात आल्याचे श्रीमती कामठे यांनी मान्य केले.' खाली सही केली. ऋतुजाला तोंडी समज देऊन सोडलं. शालनताईंना पुढच्या शनिवारपासून येऊ नका, असं सांगण्यात आलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. "तुम्ही असं करायला नको होतं," मी म्हणालो. वर हे शहाणपण!

"पोरीनं तुमचं नाव घेतलं असतं तर तिला पुढं दोन वर्षं हितंच काढायची व्हती," त्या म्हणाल्या. "तिची सनद वाचली ना? मग झालं. तुमी कवा बोलायचं ते तुमचं तुमी बघा, सर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्या दोन दिवस सकाळी त्या दुकानदाराकडे जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी नंदाबाईंच्या बरण्या फळीवर परत आल्या, त्यानं स्वतःचं लेबल बदललं आणि वकिलाला तक्रार मागे घ्यायला सांगितली. त्याची भानगड एवढीच होती की गिऱ्हाईक नंदाबाईंची चटणी मागायचं आणि त्याला ती पुरेशी मिळत नसे. हे आधीच येऊन विचारलं असतं तर, असं तो म्हणाला म्हणे. मी विभागप्रमुख झालो. विषय अभ्यासक्रमात असल्यामुळे चालू राहिला. आता तो पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतात, आणि मुलांना गुणही भरपूर पडतात. शालनताई दिवाळीला न चुकता फोन करायच्या. ऋतुजा कशी आहे ते विचारायच्या. आणि मग जरा थांबायच्या. ते थांबणं कशासाठी होतं ते मला समजत होतं, आणि मी दर वेळी हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवून देत होतो.

गेल्या आठवड्यात मी प्राचार्यांना लेखी दिलं, की इतिवृत्तातलं ते वाक्य खोटं आहे, आणि लिहिताना ते खोटं असल्याचं मला माहीत होतं. त्यांनी कागद वाचला. "सर, पुढच्या वर्षी निवृत्त होताय. आता कशाला? बाईही राहिल्या नाहीत." कागद मी परत घेतला नाही. तिथून थेट हडपसरला, शालनताईंच्या कारखान्यात गेलो. आता तो मनीषा चालवते. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या छपराखाली काचेची एक खोली, बाहेर यंत्रांचा धडधडाट. त्या आवाजावरून आवाज चढवत मी तिला सगळं सांगायला लागलो. समिती, लाल पेन, माझं अक्षर. कबुली ओरडून द्यावी लागते आहे, हे त्या परिस्थितीतही मला विचित्र वाटलं. मी 'सही केली' या शब्दापर्यंत आलो आणि एकाएकी सगळं शांत झालं. माझा आवाज एकटाच खोलीभर उरला.

"लाइट गेली वाटतं," मी म्हणालो. "पण दुरुस्तीसाठी ती गुरुवारी घालवतात, आज गुरुवार तर नाही."

"लाइट आहे, सर. शनिवार आहे." मनीषानं घड्याळाकडे बघितलं. दोन वाजले होते. "तुम्ही सांगताय ते मला माहीत आहे. आईनं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणायची, सर बोलतील, त्यांना वेळ लागतो. मग कॉलेजातून बोलावणं येईल. शनिवारी दोनला ती यंत्रं बंद करायला लावायची, हातपाय धुऊन चांगली साडी नेसायची आणि इथे येऊन बसायची. यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू आला नसता ना. चार वाजले की साडी बदलून परत कामाला. दोन वर्षं, दवाखान्यात जाईपर्यंत एक शनिवार चुकला नाही. आता मी कुणाला काही सांगत नाही, पण माणसं आपली दोनला यंत्रं बंद करतात."

बाहेर कामगार नळावर हात धूत होते. टेबलावर फोन होता. मनीषानं चहा मागवला आणि आपल्या कामाची वही उघडली. मी तसाच बसून राहिलो. चार वाजता यंत्रं सुरू झाली, तेव्हा उठलो.