पेणच्या वाघाचे डोळे

जागतिक स्पर्धा भरवल्यानं देशाचा फायदा होतो, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. होऊ दे. माझं दुखणं एवढंच, की हा फायदा मुंबईहून निघाला, पनवेल ओलांडून पेणला उतरला आणि तिथेच माझ्या थोरल्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात पाय पसरून बसला. वडखळ काही त्यानं ओलांडलं नाही. रोह्यात आम्ही वाट बघत राहिलो.

नवी मुंबईच्या मैदानावर बऱ्याच देशांचे संघ खेळायला येणार होते. स्पर्धेचं चिन्ह म्हणून चेंडू घेतलेला वाघ ठरला आणि परदेशी पाहुण्यांना भेट द्यायला हातभर उंचीचे मातीचे वाघ हवे होते. ते काम दादाला मिळालं. वहिनीचा फोन आला, "भावोजी, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाय हो! बघावं तिथं वाघ!" तिच्या आवाजात इतका आनंद होता की माझा मोबाईल तापला.

बारा वर्षांपूर्वी मीही त्याच कारखान्यात होतो. आखणी माझ्याकडे होती, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. एका गणपतीनं तर डोळे उघडल्या उघडल्या माझ्याकडे पाणी मागितलं होतं. दादा हे मानत नाही, पण तो तेव्हा जेवायला गेला होता. मग दादाशी भांडण झालं, "परत बोलावू नकोस" असं मी म्हणालो आणि रोह्याला कंपनीत लागलो. दादा शब्दाचा इतका पक्का, की त्यानं खरंच बोलावलं नाही. वाघ आले तरी नाही.

कंपनीच्या कँटीनमध्ये आमचा एक दोस्त रोज पेपर मोठ्यानं वाचतो. त्या दिवशी स्पर्धेच्या फायद्यांवर लेख होता. रस्ते सुधारतात, हॉटेलं भरतात, जगात नाव होतं. "आणि गावच्या कारागिराला काम मिळतं," असं तो म्हणाला आणि मी हातातली भाकरी परत डब्यात टाकली.

"त्या वाघांचे डोळे कोण काढतंय, माहीत हाय?" मी म्हणालो. "मी. दर रविवारी जातो."

सगळ्या टेबलानं घास खाली ठेवले. मला वाटलं, जिंकलो.

"मग या रविवारी आम्ही पण येतो," पेपरवाला म्हणाला. "डोळे काढताना बघू तरी."

दादानं नुसतं "हा इथे फिरकलाच नाय" असं म्हटलं असतं, तरी निवृत्त होईपर्यंत मला भिंतीकडे तोंड करून डबा खावा लागला असता. रविवारी आम्ही तिघं गाडीत बसलो: मी, पेपरवाला आणि तोंडात कायम मावा असलेला आमचा फिटर. निडी स्टेशनात गाडी थांबली, तेव्हा इंजिनानं तिथेच प्राण सोडावा म्हणून मी मनातल्या मनात नवससुद्धा बोललो. इंजिन भलतंच तब्येतीचं निघालं.

कारखान्यात शिरलो तर जमिनीपासून कौलापर्यंत वाघच वाघ. इतके, की पेणमधली कुत्री आठवडाभर भुंकली नसतील. एक सोडला तर सगळ्यांना दादानंच डोळे काढलेले. गोल, करारी, समोरच्या संघाला धडकी भरवणारे. चांगले होते. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

पेपरवाल्यानं वेळ घालवला नाही. "दादा, हा म्हणतोय, हे डोळे यानंच काढले. व्हय?"

दादानं माझ्याकडे बघितलं. कुंचला फडक्याला पुसला. "व्हय. आमच्या घरात आखणी त्याचीच."

त्यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. ज्याच्याकडे सगळे वाघ आहेत, त्याला एवढा मोठेपणा परवडतो. वहिनी पदरानं तोंड झाकून हसत म्हणाली, "भावोजी, मग हा शेवटचा राहिलाय तो पण उरका की!"

"घे," दादा म्हणाला. "यांच्यासमोर काढ."

कुंचला हातात आला. बारा वर्षं मी फक्त व्हॉल्व्ह फिरवले होते. मला वाटलं, हात सगळं विसरला असेल. पण हातानं मला विचारलंच नाही. तो आपला आपण चालत गेला आणि रेघ संपली तेव्हाच थांबला.

फिटरनं मावा चघळायचं थांबवलं. हळूच चपला काढल्या.

"काय झालं रे?" पेपरवाला म्हणाला.

"काय नाय. बघतोय तो."

मी नीट पाहिलं आणि घाम फुटला. तोंड वाघाचं, डोळे गणपतीचे! पापणी अर्धी मिटलेली, नजर खाली उभ्या माणसावर मायेनं टेकलेली. हातातला चेंडू सरळ सरळ लाडू दिसत होता. हा वाघ बघून कुठला संघ घाबरणार? नारळ फोडून मोकळा झाला असता.

"अगो बाय!" वहिनी म्हणाली. "याला आता दूर्वा वाहायच्या का काय?"

सगळे हसले. मी फडकं उचललं. "थांब, पुसून पुन्हा काढतो."

दादानं माझं मनगट धरलं. "पुसू नको. हा पाठवायचा नाय."

त्यानं तो वाघ उजेडाकडे वळवला. मग मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "बारा वर्षं ही नजर आणायला बघतोय. येत नाय रे. गिऱ्हाईक दर वर्षी विचारतं, आधीचा आखणीवाला कुठे गेला?"

त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. दाढी करताना आरशात रोज बघतो.

आता खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण लगेच दुसरा काटा टोचला: बाकीचे सगळे वाघ विमानात बसून देशाचं नाव काढणार आणि माझा एकटाच पेणला राहणार!

निघताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आषाढात गणपतींची आखणी सुरू होईल. येशील?"

"शिफ्ट बघावी लागंल," मी म्हणालो. लगेच हो म्हणण्याइतका काही मी पडेल माणूस नाही.

परतीच्या गाडीत पेपरवाला फिटरला स्पर्धेचे उरलेले फायदे समजावत होता. माझं लक्ष नव्हतं. महिनाभर रजा मिळवायची तर सुपरवायझरला कुठल्या नातेवाइकाचा कुठला आजार सांगावा, याची मी जुळवाजुळव करत होतो.