पोटाला नाळ ठेव

आमच्या प्रेसमध्ये उजेडाच्या टेबलामागे एक कोपरा आहे. वाया गेलेल्या फिल्म तिथे साठतात. मी आले तेव्हा तो ढीग गुडघ्याएवढा होता, आता कमरेला लागतोय! त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच. प्रत्येक फिल्मला एक किस्सा चिकटलेला आहे, आणि मैत्रिणींपुढे एक ओढला की खालचे चार आपोआप वर येतात.

मी नांदेडची, बीएस्सी कॉम्प्युटर. नोकरी लागली लातूरला, अप्पांच्या प्रेसमध्ये. काम असं की गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवतं, मी तो साफ करून काळ्या रंगात पारदर्शक फिल्मवर काढते. प्रेसमधले जुने कारागीर मुनीरचाचा ती फिल्म उजेडानं घट्ट होणारा मसाला लावलेल्या जाळीखाली ठेवून खालून उजेड देतात. मग जाळी पाण्याखाली धरली, की काळं होतं तेवढीच जागा मोकळी होते आणि तिथून शाई उतरते.

पहिल्या दिवशी अप्पा म्हणाले, "तीन महिने बघू. जमलं तर कायम."

मला ही नोकरी फार हवी होती. त्या "बघू"पासूनच मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले!

*

उजेडाची वेळ संपली की टेबलाची घंटी वाजते. मी दर वेळी दचकायचे. एकदा हातातली फिल्म थेट चाचांच्या चहात पडली.

चाचा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घंटीच्या आधी सांगायला लागले, "बेटी, डरना नक्को, घंटी बजनेवाली है."

मी त्या सांगण्याला दचकायला लागले.

मग ते सांगायच्या आधी हळूच खोकायला लागले. आता मी खोकल्याला दचकते. घंटीची भीती मात्र साफ गेली!

*

औशाच्या एका आडत दुकानाला पोत्यांवर छाप मारायला स्टेन्सिल हवं होतं: 'तूर डाळ, वजन ५० किलो'. म्हणजे प्लास्टिकच्या पत्र्यात अक्षरं कापायची आणि पोत्यावर ठेवून वरून शाई फिरवायची. मी कॉम्प्युटरवर सुंदर अक्षर काढलं, मशीननं कापलं. पत्रा उचलला आणि टपटप बारीक तुकडे खाली पडले. 'व'च्या आतला गोल, 'क'च्या आतला गोल, शून्याच्या आतला तर सगळ्यात मोठा!

मी ते तुकडे काडेपेटीत गोळा केले आणि फेव्हिकॉल घेऊन बसले.

अप्पा मागे येऊन उभे. "काय करून राहिलीस पोरी?"

"अप्पा, पडलेले गोल चिकटवतेय."

अप्पा खुर्ची ओढून शेजारीच बसले. "हे बघ, ह्याला पोट म्हणतेत. पोटाला बाहेरच्या पत्र्याशी जोडणारी बारीक पट्टी ठेवावी लागती. ती नाळ. नाळ तुटली की पोट पडलं. कळलं?"

इतकं कळलं, की मी रात्रंदिवस खपून नाळवाला एक फॉन्टच बनवला आणि भीतीपायी सगळीकडे तोच वापरायला लागले. पत्रिकेला नाळ, पिशवीला नाळ, कीर्तनाच्या पावतीलाही नाळ!

अप्पांनी कपाळाला हात लावला. "अगं, नाळ पत्र्याला लागती. जाळीला न्हाई! जाळीवर पोट आपलं आपण धरून बसतंय."

*

एक पाहुणे लग्नपत्रिकेवर जावयाचा फोटो छापायला आले. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांकडून फिरून आलेला, नखाएवढा. जाळीवर फोटो काढायचा तर त्याचे ठिपके करावे लागतात, आणि मी ठिपके ठेवले ज्वारीएवढे.

पाहुण्यांनी नमुना बघितला. "जावयाला कांजण्या निघाल्यात काय?"

मी रडायच्या बेतात. अप्पा शांतपणे म्हणाले, "जरा लांबून बघा."

माझ्या हातात पत्रिका देऊन पाहुणे मागे सरकत गेले. दाराबाहेर गेले, रस्ता ओलांडला, पलीकडच्या पानटपरीपाशी उभं राहून ओरडले, "हाव! आता लई देखणा दिसून राहिलाय!"

मी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात ते परत ओरडले, "पण सगळं वऱ्हाड हितं टपरीवर उभं करू का?"

अप्पांनी मला शेजारी बसवून ठिपके बारीक कसे करायचे ते शिकवलं. संध्याकाळपर्यंत जावई जवळूनही देखणा दिसायला लागला.

*

सगळ्यात मोठी चूक नांदेडच्या सलूनची. केस कापताना गळ्याभोवती बांधतात त्या कापडांवर दुकानाचं नाव हवं होतं. त्या दिवशी चाचा नव्हते, फिल्म मी ठेवली. पालथी ठेवली! सगळ्या कापडांवर नाव उलटं, आणि गिऱ्हाईक दारात.

सलूनवाल्यांनी एक कापड गळ्याला बांधलं आणि आमच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहिले. आरशात नाव अगदी सुलटं दिसत होतं!

"खुर्चीत बसणारा आरशातच बघतोय की! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या."

महिन्याभरात त्यांनी तसलीच आणखी कापडं मागवली. मी चार वेळा तपासून, देवाचं नाव घेऊन, एकदम सुलटी छापली!

*

त्याच आठवड्यात तीन महिने संपत होते. अप्पांनी काढून टाकायच्या आधी आपणच जावं, म्हणून मी राजीनामा टाइप केला. तो राहिला त्या दिवसाच्या कामाच्या फोल्डरमध्येच, आणि मी अख्खं फोल्डर फिल्मला पाठवून डबा खायला गेले.

चाचांना मराठी वाचता येत नाही. अक्षर सुलटं आहे एवढं बघून त्यांनी इमानदारीनं त्याचीही जाळी बनवली.

मी परत आले तेव्हा अप्पा खिडकीशी उभे होते. जाळी उजेडाला धरलेली, डोळ्याला भिंग. 'मला हे काम जमत नाही' ही ओळ मला दारातूनच वाचता येत होती, इतकी स्वच्छ उतरली होती.

अप्पांनी शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "जाळीला नाळ लागत न्हाई, हे तीन महिन्यांत कळलं न्हाई होय?"

"कळलं, अप्पा."

"मग ह्यात एकूण एक पोटाला नाळ कशाला ठेवलीस?"

मी जाळीकडे बघितलं; राजीनामाही हाताच्या सवयीनं माझ्याच नाळवाल्या फॉन्टमध्ये टाइप झाला होता. चाचा उगाचच खोकले. मी दचकले.

अप्पांनी जाळी त्यांच्या हातात दिली.

"मुनीरभाई, हे धुऊन टाका. जाळी चांगली हाय, पोरीला उद्या लागंल."