पिराजीमामांची अवस

माझे सासरे पिराजी सोनकांबळे देगलुरात पाण्याचा टँकर चालवायचे, आणि कुणी शकुन-अपशकुनाचं नाव काढलं की टँकर थांबवून भांडायचे. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी जागेवर थांबला, तर मामा त्याला हाताला धरून पलीकडं नेऊन सोडत. छप्पन साली वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मामा शाळकरी पोर होते. देव गेले तेव्हाच त्यांचा सगळा लवाजमा गेला, असं ते सांगत.

असा माणूस लेकीच्या, म्हणजे महानंदाच्या आणि माझ्या, लग्नाचा मुहूर्त बघणार नाही, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी बघितला. शेजाऱ्याचं पंचांग मागून आणलं, चष्मा लावला आणि हुडकून हुडकून वैशाखातली अवस काढली.

"अवसंला दुसरं कुनी लगीन करत न्हाई," ते मला म्हणाले. "मांडव मोकळा, भांडी मोकळी, आचारी मोकळा, अन् टँकर बी मोकळा! लोकं भिऊन राहिले, आपलं काम होऊन राहिलं."

बोलणं खोटं नव्हतं. लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नवे कारकून लागत होते, त्यातला मी एक. त्या साली दुष्काळ असा होता की मुहूर्ताच्या दिवशी वऱ्हाडाला जेवण मिळे, हात धुवायला पाणी मिळत नसे.

शेजारचे किराणा दुकानदार बसलिंगप्पा मामांच्या बाजूनं उभे राहिले. घरात कानडी बोलणारा माणूस. भर चौकात म्हणाले, "आमचा येळवसंचा सण काय पुनवंला असतो का? अवसंलाच तर रानात जाऊन अंबिल-भज्जी खातो. अवस लई चांगली!" मामांनी हे वाक्य टँकरबरोबर गावभर फिरवलं.

पत्रिका वाटून झाल्या आणि मामांना काहीतरी व्हायला लागलं. जेवताना घास हातातच राही. टँकर चालवताना उगाच मागं वळून बघत. महानंदा नुसती शिंकली तरी दचकत. सासूबाई कावेरीबाईंनी बरोबर ओळखलं. "तुमच्या मनात पाल चुकचुकली," त्या म्हणाल्या.

मामा उसळलेच. "घरातले देव काढले, देव्हारा काढला, अन् पाल तेवढी मनात राहिली व्हय?"

"मंग तारीख बदला."

"बदलली की गाव म्हननार, पिराजी अवसंला भ्याला. जलमभर भांडलो ते समदं पान्यात!"

"अन् पोरीचं काही बरंवाईट झालं तर?"

यावर मामा चप्पल घालून बाहेर पडले. पाल हा घरचा शब्द त्यांना चालत नव्हता, आणि ज्याला नाव नाही त्यावर औषध तरी काय मागायचं? म्हणून ते दुसऱ्यांच्या भाषेत विचारायला निघाले. देगलूरला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही, एका गल्लीत काम भागतं.

आधी टँकर दुरुस्त करणारे महेबूब मेस्त्री. ते म्हणाले, "पिराजीभाई, इसकू माथा ठनकना बोलते. मेरेकू इंजन बैठने के पहले होता." मामांनी कपाळाला बाम चोळला आणि टँकरचं इंजिन उघडून बघितलं. इंजिन ठणठणीत होतं, मामा नव्हते.

बसलिंगप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्यात म्हनतात, एदी धसक्क अंतद. एदी म्हंजी छाती. छातीत धस्स होतंय." त्यांनी मूठभर ओवा बांधून दिला. ओव्यानं ढेकर आले, पण धस्स होणं काही थांबलं नाही.

शेवटी उमादेवी. ही तेलुगू बाई महानंदाची पोलकी शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली, "मनसु कीडु शंकिस्तुंदि. मनाला वाईटाचा संशय येतो."

हे मात्र मामांना पटलं. संशय म्हटला की चौकशी आली, पुरावा आला. यात अंधश्रद्धेचं काही नाही. "संशय कुनावर घ्यावा?" त्यांनी विचारलं.

"घरात नवं मानूस कोन येतंय?" उमादेवी म्हणाली.

नवा माणूस मीच होतो. दुसऱ्याच दिवशी मामा लातूरला माझ्या कचेरीत येऊन समोर बसले. चहा सांगितला तर तो निवेपर्यंत माझ्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "पवायला जाता का?" मी म्हटलं, दुष्काळात कुठं पोहणार? "फटफटी हाय?" नाही. "रागराग करता?" नाही. "मंग काय करता?" मी म्हटलं, आवक-जावक बघतो. मामा निराश होऊन उठले. माझ्यात एवढासासुद्धा धोका सापडला नव्हता.

पण मी पुरता घाबरलो. सोयरीक मोडायला आले असणार, असंच वाटलं. महानंदाला मी दोनदाच पाहिलं होतं, तरी माझा जीव तिच्यात अडकला होता हे मला त्या निवलेल्या चहाच्या कपासमोर कळलं.

सोयरीक मोडली नाही. लग्नाचा दिवस आला आणि सगळं इतकं सुरळीत झालं की मामा आणखीच भेदरले. आचारी वेळेवर. वऱ्हाड वेळेवर. टँकर काठोकाठ. एरवी बुद्धवंदनेलाच बंद पडणारा लाउडस्पीकरसुद्धा खणखणीत वाजला. मामा मांडवाचा एकेक खांब हलवून बघत होते. बुंदी बाधेल म्हणून प्रत्येक परातीतली आधी स्वतः खाऊन बघत होते. हार घालताना मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते मांडवाच्या छताकडं बघत होते.

ऊन उतरल्यावर आमच्या वऱ्हाडाची गाडी दारात लागली. महानंदा खिडकीशी बसली. रडणं-भेटणं झालं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि मामांनी दाराचा दांडा धरला.

"आज जाऊ नका," ते म्हणाले.

"का हो मामा?"

त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळी गल्ली उभी होती. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडले ते सगळे होते. मामांनी खिडकीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"आज अवस हाय."

माझ्या चुलत्यांच्या मिशा हलायला लागल्या. आता हसं होणार, मामा परत मान वर काढणार नाहीत, म्हणून मलाच कसंतरी झालं.

तेवढ्यात बसलिंगप्पा पुढं आले. "हाव," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "अवसंला लेकीनं गावाची शीव वलांडू न्हाई. आमच्यात तर लईच पाळतात."

येळवसेला गल्लीभर अंबिल वाटणारा माणूस कुणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवता बोलत होता. "हौ, हमारे में बी," महेबूब मेस्त्री म्हणाले. त्यांच्यात अवस कुठून आली, हे कुणीच विचारलं नाही. उमादेवी तर सरळ गाडीत चढली आणि महानंदाची ट्रंक उतरवून घरात घेऊन गेली.

आम्ही राहिलो. टँकरमध्ये पाणी होतं, परातीत बुंदी होती. महानंदानं वडिलांना वाढलं आणि मामा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. कावेरीबाईंनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" मामा म्हणाले, "कुठं काय व्हतं मला?"

सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, अवस-बिवस काही नसतं. काल गाडीचे मागचे दिवे बरोबर नव्हते."

दिवे चांगले होते.

"हाव मामा," मी म्हणालो. "मी बी बघितलं."

गाडी निघाली तेव्हा त्यांनी परत दांडा धरला आणि थोडं अंतर तसेच बरोबर चालले. 'जाऊ नका' मात्र म्हणाले नाहीत. अवस संपली होती.