नारळाआधीचा सामना

नारळी पौर्णिमेला उरणच्या किनाऱ्यावर ओल्या नारळाचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. इंग्रजांच्या अमदानीत आमच्या लहानशा शाळेचा फुटबॉल संघ एका पावसाळ्यात चिखलात अनवाणी खेळला आणि एकदाही हरला नाही. शेवटचा सामना मुंबईत ठरला, तोही पौर्णिमेच्या आधी! समुद्र खवळलेला, होड्या वर ओढलेल्या, जमिनीवरची वाट पाण्याखाली. आमचा कप्तान कोळ्याचा पोर. तो म्हणाला, "नारळ दिल्याबिगर होडी लोटायची न्हाय. पुनवेपर्यंत थांबा म्हनावं." मुंबईकर थांबले नाहीतच, वर 'उरणकर भ्याले' म्हणत चषक घेऊन मोकळे झाले. भ्याले? ज्यांनी कधी वल्हं धरलं नाही, त्यांनी हे म्हणावं? नारळ हात जोडून अलगद सोडायचा असतो. मी म्हातारा झालो, तरी तो मुंबईच्या दिशेनं भिरकावतो.