उसवलेली बाही

दुपारची जेवणं झाली की मी मोबाईलवर परदेशातले फॅशन शो आणि ते कपडे कसे घडतात याचे व्हिडिओ बघते. आई शेजारीच पाठ करून पडलेली असते. तिने तीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. आता तिला कपड्यांचं काही अप्रूप उरलं नसेल, असं मला वाटायचं.

परवा मात्र ती उठून बसली. व्हिडिओत पांढऱ्या कोटातली एक वयस्कर बाई जवळजवळ पूर्ण झालेल्या झग्याची बाही उसवत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिलाच ती पटली नव्हती. एकेक टाका ती असा काढत होती, की रेशमाला कळूही नये.

"मागे घे जरा," आई म्हणाली. आम्ही ते तीनदा पाहिलं.

मग प्रत्यक्ष शो लागला. तो झगा आला, वळला आणि दिसेनासा झाला. इतक्या दिवसांची मेहनत त्या एका वळणात मावली होती. मी थक्क होऊन बघत राहिले.

"ती बाई कुठं होती?" आईने विचारलं.

"असेल पडद्यामागे."

"मी गेले होते एकदा," ती म्हणाली. "नवरीचा ब्लाउज मी शिवला होता. बोलावणं नव्हतं, कार्यालयाच्या दारातच उभी राहिले. हार घालायला तिने हात वर केला की बाही ओढते का, तेवढंच बघायचं होतं."

"मग, ओढली?"

"नाही. जेवून जा म्हणत होते. पण माझं पोट भरलं होतं."