धुतलेला घोडेस्वार

बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलो, तेव्हा मला काहीच काम नव्हतं. बिनकामाच्या माणसाला इतिहासाचा नाद फार लवकर लागतो. मलाही लागला. सकाळी चहा झाला की मी मोटारसायकल काढायचो, गळ्यात कॅमेरा, खिशात टेप, आणि तापीकाठची गावं पालथी घालायचो. बायको म्हणायची, "एवढं फिरून बँकेत कर्जवसुली केली असती तर बढती तरी मिळाली असती."

जे दिसायचं त्याने डोकं फिरायचं. एका गावात गढी होती, तिची पांढरी माती लोकांनी ट्रॉल्या भरभरून शेतात टाकली होती आणि बुरूज दात किडल्यासारखा उभा होता. दुसरीकडे बारव होती. पायऱ्या अजून शाबूत, पण तळाला प्लॅस्टिकच्या बाटल्या, जुन्या गाद्या, विसर्जन केलेल्या मूर्तींचे हातपाय. तिथे उभं राहवत नव्हतं. एका गल्लीत तर चक्क वीरगळीवर, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या दगडावर, एक बाई धुणं आपटत होती. मी तिला म्हटलं, अहो, हा आठशे वर्षांपूर्वीचा दगड आहे. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "मन्ही सासूबी आठेच धुये." म्हणजे तिची सासूही इथेच धुवायची.

मला संताप यायचा. खोटं कशाला बोलू, त्या संतापात सुखही होतं. सगळी दुनिया अडाणी आणि एकटा मी शहाणा, असं वाटण्याचं सुख. व्हॉट्सअॅपवर आमचा जुन्या दगडांच्या नादिष्टांचा एक गट होता, तिथे मी रोज रात्री एक तक्रार लिहायचो आणि लोक हात जोडायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. आमची शेती तोच बघतो, मी नोकरीत असल्यापासून. खालच्या मळ्याचं सपाटीकरण करायचं होतं, जेसीबी सांगितला होता. बांधावर, कोरड्या पडलेल्या जुन्या विहिरीशेजारी एक दगड होता. "शेंदूर लायेल शे त्याले," दादा म्हणाला. "देख, तुन्हा कामना व्हयी तर लई जाय. नही तर जेसीबी फोडी टाकी."

मी धावलोच. कमरेएवढा दगड, त्यावर शेंदराचे इतके थर की आत काय आहे ते हाताने चाचपावं लागलं. घोड्याचं तोंड बोटांना लागलं आणि मी तिथूनच टेम्पोवाल्याला फोन केला. चार गडी, एक दोर आणि छोटा टेम्पो, एवढ्यात काम झालं. दादा बांधावर उभा राहून बघत होता. त्याने चहासुद्धा मागवला, जे तो सहसा करत नाही. अंगणात टेम्पो थांबला तेव्हा बायको दारात आली आणि म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं." मी हसलो. मी फार खूश होतो.

तीन दिवस मी तो दगड धूत होतो. आधी गरम पाणी, मग रॉकेल, मग तारेचा ब्रश, आणि कोपऱ्यांसाठी बायकोची जुनी सुरी. शेंदूर खपल्या-खपल्यांनी निघायचा, खाली वेगळी छटा, त्याखाली आणखी वेगळी. ते सगळं लाल पाणी मी बादलीने गटारीत ओतलं. खालून निघाला एक घोडेस्वार. वर चंद्र-सूर्य, घोड्याचा एक पाय उचललेला, स्वाराच्या कमरेला काहीतरी बांधलेलं, आणि डाव्या मनगटावर एक चौकोनी कडं. काम ओबडधोबड होतं. मी गटावर लिहिलं: यादवकालीन, बहुधा स्थानिक सरदार, मनगटातलं कडं त्याच्या पदाची खूण. एकाने विचारलं की चौकोनी कडं कुठे पाहिलंय का. मी त्याला असं उत्तर दिलं की त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

दगड निंबाखाली उभा केला, सिमेंटचा चौथरा केला, पाटी लावली. येणारा-जाणारा बघायचा.

होळी आठ दिवसांवर आली असताना दुपारी फाटकाशी दोन बायका आल्या. एक फार म्हातारी, काठीसारखी वाळलेली, दुसरी तिची लेक, चाळिशीची. अक्कलकुव्याकडच्या डोंगरपायथ्याच्या पाड्यातून पहाटेच्या गाडीने निघाल्या होत्या. लेकीच्या हातात पाय बांधलेला कोंबडा, म्हातारीच्या पिशवीत नारळ, शेंदराची पुडी, दारूची बाटली. आधी त्या आमच्या मळ्यात जाऊन आल्या होत्या. तिथे कुणीतरी सांगितलं, दगड धाकट्या भाऊने नेला.

म्हातारी फाटकातून आत आली आणि निंबाखाली बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"भाऊ, हाऊ मन्हा आंडोर शे."

हा माझा मुलगा आहे. तिची अहिराणी तुटक, घरची भाषा वेगळी, आणि माझी अहिराणी शहरात राहून बोथट झालेली. पण एवढं कळायला भाषा लागत नाही. तरी मी मूर्खासारखा म्हणालो, "माय, हा फार जुना दगड आहे. आठशे वर्षांचा."

लेकीने मग सांगितलं, शाळेत शिकल्यासारख्या स्वच्छ मराठीत, आवाज न चढवता. तिचा भाऊ आमच्या विहिरीवर मजुरीला होता. विहीर खोल करताना दरड कोसळली आणि तो आत राहिला. त्याला बारा वर्षं झाली. त्यांच्यात अवेळी गेलेल्याचा दगड, तो गेला त्याच जागी उभा करतात, आणि त्याला घोड्यावर बसवतात, मग जन्मात त्याने घोडा पाहिलेला असो वा नसो. वर्षातून एकदा घरच्यांनी जाऊन शेंदूर लावायचा, कोंबडा द्यायचा, बाटलीतलं थोडं जमिनीवर ओतायचं, त्याच्याशी बोलायचं. न गेलं तर तो भटकतो.

"आणि हे," ती मनगटाकडे बोट करून म्हणाली, "हे घड्याळ आहे. शहाद्याच्या बाजारात घेतलं होतं त्याने. आईने कारागिराला सांगून कोरून घेतलं."

मी जवळ जाऊन पाहिलं. चौकोनात दोन बारीक रेघा होत्या, एक लांब, एक आखूड. तीन दिवस मी त्या रेघा सुरीने कोरून साफ केल्या होत्या. म्हातारी दगडावरून हात फिरवत होती, खालपासून वरपर्यंत, आणि मग तिने विचारलं, शेंदूर कुठे आहे?

मला आधी कळलंच नाही. लेकीने समजावलं: दर वर्षीचा एक थर, बारा वर्षांचे थर, ते कुठे ठेवले?

मी गटारीकडे पाहिलं. म्हातारीने माझी नजर पकडली. ती खाली बसली. रडली नाही. बायकोने पाणी आणून दिलं ते तिने हातात धरून ठेवलं.

मी मोटारसायकल काढली आणि दादाकडे गेलो. तो ओसरीवर जेवत होता. मी उभ्यानेच विचारलं, तुला माहीत होतं?

"माहीत व्हतं," दादा म्हणाला. ताटातून हात न काढता. दर वर्षी त्या बायका येतात, बांधावर बसून रडतात, मजूर ऐकतात, मग कुणी त्या मळ्यात कामाला तयार होत नाही. किती वर्षं चालवायचं? तेव्हा त्यांना जे द्यायचं ते दिलं होतं. जेसीबीवाल्याला सांगितलं असतं तर त्यानेही हात लावला नसता, शेंदूर पाहून. "तुले सांगतू तर तू उचलता का?"

मी म्हणालो, मला फसवलंस. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "त्याच विहीरना पाणीवर तुन्हा पोरं शिकनात." दर दिवाळीला माझ्या घरी मळ्याचा वाटा यायचा आणि मी कधी विचारलं नव्हतं की विहीर खोल कुणी केली.

परत आलो तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. मी म्हातारीला म्हटलं, माय, चुकलो. टेम्पो बोलावतो, दगड तुमच्या पाड्यावर पोचवतो, म्हणशील तिथे उभा करून देतो. तिने मान हलवली. तो पाड्यावर मेला नव्हता, तो तिथे येणार नाही. आणि धुतलेला दगड आता नुसता दगड आहे. "ठेव तुन्हाकडे," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला एकच हवं होतं. "माले जागा दखाड."

लेक म्हणाली, सकाळी त्या मळ्यात गेल्या तेव्हा काही ओळखूच आलं नाही. बांध नाही, विहीर नाही, बाभळ नाही. आईला आता दिसतं कमी, पुढच्या वर्षी येईल की नाही सांगता येत नाही. एकदा जागा कळली की दगड नसला तरी चालेल, तिथे शेंदूर मातीवरच टाकू.

म्हणून मी त्यांना घेऊन मळ्यात गेलो. विहीर बुजवून, बांध मोडून सगळं एकसारखं केलेलं, आणि त्यावर गुडघाभर ऊस. मी कडेला उभा राहून चारी बाजूंना पाहिलं. दादाला फोन केला. तो म्हणाला, ध्यान नही, आणि फोन ठेवला. माझ्या मोबाईलमध्ये त्या दगडाचे साठ-सत्तर फोटो होते. मी एकेक उघडून पाहिला. सगळे जवळून घेतलेले, घोडा, चंद्र, मनगट. एकाही फोटोत मागची विहीर नव्हती. त्या दिवशी मी दगड सोडून दुसरीकडे पाहिलंच नव्हतं.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. कोंबडा लेकीच्या काखेत निपचित पडला होता. शिकलेला माणूस आहे, याला माहीत असणार, असा तो चेहरा. मला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. दोन शब्द होते. मी हात उचलला आणि उसात एका ठिकाणी बोट दाखवलं. "इथे," मी म्हणालो. "इथेच होती."

ती सरीतून गेली आणि तिथे बसली. पुडी सोडली, मातीवर शेंदूर टाकला, बाटलीतलं ओतलं आणि तिच्या भाषेत बोलू लागली, हळू, घरात कुणी उठल्यावर बोलावं तसं. मध्येच हसलीसुद्धा.

कोंबडा आईपुढे ठेवून लेक माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने कडेचा विजेचा खांब पाहिला, तिथपर्यंत चालत गेली, आणि खांबापासून आईपर्यंतच्या सऱ्या बोटांवर मोजत आली. सव्वीस. पुन्हा एकदा मोजून खात्री केली, पुढच्या वर्षी चुकायला नको म्हणून. मग मला विचारलं, "सव्वीसच ना, भाऊ?"

मी म्हणालो, "हो."