अक्षता पडल्याशिवाय पाणी नाही

जगातली प्रत्येक वस्तू एकतर सुकलेली असते किंवा ओली असते, तिसरी अवस्था देवाने निर्माणच केलेली नाही, असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा होता. उभं आयुष्य ताज्या शाईच्या सहवासात गेल्यामुळे समोर काहीही आलं की उजव्या करंगळीची मागची बाजू त्याला हळूच टेकवायची आणि निकाल द्यायचा, ही त्यांची सवय. आमच्या बोरिवलीच्या घराला रंग दिला तेव्हा पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांनी सगळ्या भिंतींना करंगळी लावून पाहिली. दारातली रांगोळी, ताटातली इडली, माझा इस्त्रीचा सदरा, कशाचीच त्यातून सुटका नसे. माझी मुलगी केतकी जन्मली तेव्हा पाळण्यात वाकून त्यांनी तिच्या गालाला करंगळी टेकवली आणि गंभीरपणे म्हणाले, "ओली आहे अजून. कुणी हात लावू नका." माझ्या बायकोला, मोठ्या बहिणीचा नवरा म्हणून, हसताही येईना.

मी हिशेब तपासणारा माणूस, म्हणून त्यांनी माझं नाव 'ऑडिटर' ठेवलं होतं. मोजमापावर माझा विश्वास, त्यांचा मुळीच नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये लाकडी चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीला रसायन लावतात, त्यावर अक्षरांची फिल्म ठेवतात आणि जाळी उजेडात धरतात. जिथे उजेड लागेल तिथे रसायन घट्ट होतं, अक्षरांखालचं पाण्याने निघून जातं, आणि त्या मोकळ्या जागेतून शाई कागदावर उतरते. उजेड जास्त झाला की अक्षरं बुजली, कमी झाला की वाट लागली. बाकीचे छपाईवाले दिवे आणि घड्याळ वापरत. साडू जाळी गच्चीवर उन्हात नेत आणि आरती म्हणत. कडक ऊन असेल तर एक आरती, ढगाळ असेल तर दोन. "यात भक्ती किती?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "भक्ती कसली, ऑडिटर? आरतीचा सेल संपत नाही." मी मोबाइलवर वेळ लावून पाहिली. एका आरतीला दर वेळी तेवढीच यायची. आमच्या घरच्या गणपतीत मात्र हेच गृहस्थ सगळ्यांच्या पुढे एक कडवं धावत असत.

छपाई त्यांच्या अंगातच मुरली होती. श्रीखंडाच्या भांड्यात ते चमचा घालत नसत. उलथनं तिरकं धरून, शाई ओढायची रबरी पट्टी ओढावी तसं, एकाच ओढीत भांडं साफ करत आणि वर "पुन्हा फिरवायचं नाही, डाग पडतो" अशी समज देत. कुणाच्याही लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी ते पत्रिकेवरच्या गणपतीला भेटत. खिशातलं भिंग काढून, "सोंडेचा सोनेरी लालच्या बाहेर गेलाय बघा, केसभर," असं वधूपित्यालाच सांगत. त्या बिचाऱ्याला वाटे, मुहूर्तातच काहीतरी चुकलं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट धुण्याचा. काम संपलं की घट्ट झालेलं रसायन काढायचं, जाळी कोरी करायची आणि पुढच्या कामाला घ्यायची, ही सगळ्या धंद्याची रीत. साडूही टी-शर्टची जाळी धूत, दहीहंडीच्या पथकाची धूत. लग्नपत्रिकेची जाळी मात्र लग्न लागेपर्यंत धुवायची नाही. "अक्षता पडल्याशिवाय पाणी नाही!" मुळात ऐनवेळी कुणाला पत्रिका कमी पडत, म्हणून ही सोय. व्यवहार म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे धर्म झाली. लग्नाच्या दिवशी ते पंगतीतून उठत, तसेच भरजरी सदऱ्यात गाळ्यावर जात, त्या जोडप्याची जाळी धूत आणि समाधानाने म्हणत, "आता लागलं लग्न."

केतकीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कोण छापणार हा प्रश्नच नव्हता. साडूंनी आठवडाभर नुसता सोनेरी रंग घोटला. पत्रिका झकास झाली. आणि निम्म्या वाटून झाल्यावर लग्न मोडलं. कारणं इथे लिहीत नाही. दोष कुणाचा किती, याचा हिशेब मी पुष्कळ दिवस मांडत होतो, तो जुळला नाही. केतकी कामावर जायची, यायची, जेवायची. आम्ही तिच्यासमोर 'लग्न' हा शब्दसुद्धा उच्चारत नसू.

गाळ्यात ती जाळी तशीच होती. बायकोने एकदा धीर करून म्हटलं, "भावोजी, ती धुवून टाका हो आता." "धुतो," म्हणाले, आणि त्यानंतर आमच्या घरी यायचेच थांबले. मग मी गाळ्यावर गेलो. जाळी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"साडूभाऊ, जे येणार नाही ते खात्यातून काढून टाकायचं असतं," मी म्हणालो.

"ऑडिटर, तुमच्या खात्यात पोरीचं नाव नसतं. माझ्या हाताने पुसू ते?" एवढं बोलून ते शाई ढवळत बसले.

एका रविवारी सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. "अहो, हे लग्नाची कामंच घेईनासे झालेत. आलेल्या माणसाला परत पाठवतात. म्हणतात, गाळ्यात एक लग्न अडकलंय, ते सुटल्याशिवाय दुसरं घेणार नाही." फोन स्पीकरवर होता. केतकीने चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, स्कूटर काढा."

गाळ्यात शिरताच ती म्हणाली, "काका, माझी जाळी कुठाय?"

"कुठली गं?"

"नाटकं नका करू. द्या इकडे."

"अगो, पण अक्षता..."

"नाही पडणार त्या. तुम्ही किती दिवस वाट बघणार? इतकी तर मीपण बघितली नाही."

साडूंनी जाळी आणली. उजेडासमोर धरल्यावर दोन्ही नावं लख्ख दिसत होती. केतकीने ओढणी खोचली, रसायन ओतलं आणि मोरीत बसून ब्रश फिरवू लागली. हातचं काम दुसरा चुकीचं करतोय हे साडूंना बघवेना. "तसं नाय गो! खालून वर घास. आणि आधी त्याचं नाव काढ, मेल्याचं!" केतकी हसली. पुष्कळ दिवसांनी घरातल्या कुणीतरी तिचं हसू ऐकलं. मग हसता हसताच ती रडली, आणि ब्रश फिरवत राहिली. मी नळाचा पाइप धरून उभा होतो.

धुतलेली जाळी तिने उजेडात धरली. "काका, पूर्ण नाही गेलं. दिसतंय अजून."

"ती सावली. शाईची असते, राहते," साडू म्हणाले. "पण छापात उतरत नाही."

त्यांची करंगळी तिच्या गालाला टेकली. "ओलं आहे," म्हणाले. "राहू दे. घाई करायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नाचं काम घेतलं.

आता तो गाळा नाही. पत्रिका मोबाइलवर येतात, आणि त्यांना करंगळी लावून काही कळत नाही, अशी साडूंची तक्रार आहे. बाकीच्या चौकटी त्यांनी देऊन टाकल्या. ती एक ठेवली, आणि केतकीने मुलुंडला फिजिओथेरपीचं स्वतःचं क्लिनिक उघडलं तेव्हा त्याच जाळीवरून घरच्या गच्चीत तिची कार्डं छापली. मी भिंग मागून घेतलं आणि एकेक कार्ड तपासलं. सावली कुठेही नव्हती.

उद्घाटनाला ते जरा वाकून, काठी टेकत आले. दाराच्या रंगाला करंगळी लावली, टेबलाला लावली. केतकी पाया पडून उठली तेव्हा नेहमीप्रमाणे तिच्या गालालाही लावली. मी निकालाची वाट पाहत होतो. साडूंनी नुसती मान डोलावली, आणि ते पेढ्याकडे वळले.